पोरक्याची ठेव आणि पालकाचा हिशेब

घरातला कर्ता पुरुष गेला की त्या घरात दोन हिशेब सुरू होतात. एक शोकाचा. तो चाळिसाव्यापर्यंत सगेसोयरे मिळून वाहतात. दुसरा मालमत्तेचा. तो मुले जाणती होईपर्यंत चालतो. आणि पुष्कळदा असे घडते की, मुले जाणती होतात तेव्हा हिशेब मागण्याजोगे काही शिल्लकच उरलेले नसते. हा अनुभव कोणत्याही एका धर्माचा नाही. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण मराठी माणसाने कुणाच्या परक्या घरात पाहून रचलेली नव्हे. परंतु कुंपणाने शेत खाऊ नये यासाठी निरनिराळ्या समाजांनी कोणकोणते नियम घातले, ते कितपत पाळले गेले आणि ते मोडले तर मुलाने दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न तपासून पाहण्यासारखे आहेत. इस्लामी धर्मशास्त्राने या प्रश्नाचा जेवढा बारकाईने विचार केला आहे, तेवढा फार थोड्या प्राचीन विधिसंहितांनी केला असेल. तरीही मुस्लिम व्यक्तिगत कायद्यावरील भारतातील वादात हा विषय जवळजवळ अनुपस्थित आहे.

१९८५ च्या शाहबानो निकालापासून २०१९ च्या तिहेरी तलाकविरोधी कायद्यापर्यंत सारी चर्चा तलाक, पोटगी आणि बहुपत्नीत्व यांभोवती फिरत राहिली. ते प्रश्न महत्त्वाचे होते व आहेत, यात शंका नाही. पण त्या चर्चेत अज्ञान मुलाच्या मालमत्तेला जागा मिळाली नाही. त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. मूल मत देत नाही, मोर्चा काढत नाही, निवेदनावर सही करत नाही. त्याचे हितसंबंध दुसऱ्याच्या तोंडून बोलले जातात, आणि तो दुसरा माणूस अनेकदा त्या मालमत्तेचा वाटेकरी असतो.

या नियमांचा उगम ज्या परिस्थितीत झाला ती समजून घेणे आवश्यक आहे. इ. स. ६२५ मध्ये मदिनेजवळ उहुदची लढाई झाली. त्या लहानशा वस्तीतील सुमारे सत्तर पुरुष एका दिवसात कामी आले. मागे विधवा आणि पोरकी मुले राहिली. तत्कालीन अरबी टोळ्यांच्या रूढीप्रमाणे वारसा मिळे तो शस्त्र धरू शकणाऱ्या प्रौढ पुरुषांना. स्त्रिया आणि लहान मुले त्यातून वगळली जात. कुराणाचा ‘अन्-निसा’ हा चौथा अध्याय या लढाईनंतरच्या काळातला, अशी परंपरा आहे. त्याच्या आरंभीच पोरक्यांच्या धनाचा विषय येतो, आणि वारसांच्या हिश्शांची गणिते त्यानंतर येतात. हा क्रम बोलका आहे. ज्या प्रेषितांच्या मुखातून हे नियम आले ते स्वतः पोरके होते. जन्मापूर्वी वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा गेले आणि पुढे चुलत्याने सांभाळ केला. पोरकेपण म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

त्या आयतींतील आज्ञांचा आशय थोडक्यात असा आहे. पोरक्याचे धन त्याचे त्याला द्यावे. त्याची चांगली वस्तू घेऊन आपली वाईट वस्तू तिच्या जागी ठेवू नये. मूल मोठे होऊन हिशेब मागेल या भीतीने त्याआधीच घाईघाईने उधळपट्टी करू नये. पालक सधन असेल तर त्याने मोबदला घेऊ नये. गरीब असेल तर रीतीप्रमाणे माफक घ्यावा. मूल वयात येऊ लागले की त्याची समज पारखावी, आणि ती पुरेशी दिसली की मालमत्ता त्याच्या हवाली करावी. हवाली करताना साक्षीदार ठेवावेत. आणि जे अन्यायाने पोरक्याचे धन खातात, ते आपल्या पोटात अग्नीच भरून घेतात, असा इशाराही तेथे आहे. या इशाऱ्याचा धाक एवढा बसला की, काही पालक पोरक्या मुलांचे अन्नही वेगळे शिजवू लागले, असे भाष्यकार नोंदवतात. तेव्हा दुसऱ्या एका आयतीने खुलासा केला, की हेतू भल्याचा असेल तर एकत्र संसार करण्यास हरकत नाही. ती मुले भावंडेच आहेत.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या आज्ञांत नीतिबोधापेक्षा अधिक काही दिसते. ज्याचे धन तो पाहू शकत नाही, आणि जो पाहतो त्याचे ते धन नाही, ही विश्वस्तपणाची मूळ अडचण आहे. सहकारी साखर कारखान्याचा सभासद आणि संचालक, पतपेढीचा ठेवीदार आणि व्यवस्थापक यांच्या संबंधांतही तीच अडचण असते. तिच्यावर तोडगे असतात ते तीन : मोबदल्याला मर्यादा, हितसंबंधांच्या सरमिसळीस बंदी आणि हिशेबाला साक्षीदार. हे तिन्ही येथे चौदाशे वर्षांपूर्वी सांगितलेले आढळतात. साक्षीदारांची अट म्हणजे एका अर्थी लेखापरीक्षणच. ती मुलाला संरक्षण देते, तसेच प्रामाणिक पालकालाही देते. कारण पुढे खोटा आळ आला तर त्याच्याजवळ पुरावा असतो.

आणखी एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. शास्त्रकारांनी शरीराने वयात येणे आणि व्यवहाराची समज येणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. या समजेला ‘रुश्द’ म्हणतात. पंधरा वर्षांचा मुलगा वयात आलेला असेल, परंतु पैसा हाताळण्याइतका शहाणा असेलच असे नाही. म्हणून पारख सांगितली. मात्र ही पारख पालकाच्याच हाती राहिली तर तो मुलाला जन्मभर नादान ठरवील, हा धोकाही जाणत्यांनी ओळखला होता. इमाम अबू हनीफा यांनी पंचविसावे वर्ष ही अखेरची सीमा घातली. त्यानंतर समज असो वा नसो, धन रोखून ठेवता येणार नाही. त्यांच्याच दोन प्रमुख शिष्यांना हे मान्य झाले नाही. मतभेद कसाही मिटवला तरी मुद्दा शिल्लक राहतो, की संरक्षणाच्या नावाखाली सत्ता लांबवली जाते, हे भान त्या चर्चेत आहे.

धन नुसते राखून ठेवणे पुरेसे आहे काय? इस्लामी परंपरेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मालिकी, शाफई आणि हंबली पंथांच्या मते अज्ञान मुलाच्या संपत्तीवरही जकात द्यावी लागते. हनफी पंथ रोख धनाच्या बाबतीत ती लागू करत नाही. जकातीचा दर वर्षाला अडीच टक्के धरला, तर बारा वर्षांत एक लाखाचे सुमारे चौऱ्याहत्तर हजार उरतात. म्हणूनच खलिफा उमर यांनी पोरक्यांचे धन व्यापारात गुंतवण्याचा सल्ला दिला होता, नाही तर जकातच ते संपवून टाकील, असे इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात नोंदलेले आहे. हजरत आयेशा आपल्या पोरक्या पुतण्यांचे धन व्यापाऱ्यांच्या हाती देऊन वाढवीत, अशी नोंदही तेथेच सापडते.

आजच्या काळात हे धन झिजवण्याचे काम महागाई करते. किमती दरसाल दरशेकडा सहाने वाढत असतील तर बारा वर्षांनी एक लाख रुपयांची खरेदीशक्ती पन्नास हजारांच्याही किंचित खाली येते. सहा वर्षांच्या पोरक्या मुलीच्या नावे आलेली विम्याची किंवा अपघात-भरपाईची रक्कम कोणीही एक पैसा न खाता ती अठरा वर्षांची होईपर्यंत निम्मी होऊ शकते. व्याज निषिद्ध म्हणून श्रद्धावान पालक ती रक्कम चालू खात्यात किंवा कपाटात पडू देतो, आणि आपण विश्वास पाळला असे मानतो. त्याच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच्याच परंपरेने निष्क्रियतेला सचोटी मानलेले नाही. नफ्या-तोट्यात भागी असलेला व्यवहार, भाड्याने देता येण्याजोगी जागा, उत्पादक साधन असे मार्ग त्या परंपरेत खुले आहेत. प्रत्येक मार्गात जोखीम आहे आणि मुलाच्या धनाशी जुगार खेळता येत नाही, हेही खरे. पण काहीच न करणे हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत मूल भरते.

आता हा विश्वस्त कोण, या प्रश्नाकडे वळले पाहिजे. कारण खरी ठेच तेथे लागते. इस्लामी कायदा मुलाच्या संगोपनाचा हक्क आणि मुलाच्या मालमत्तेचे पालकत्व यांत फरक करतो. पहिला ‘हिजानत’. तो आईचा, हनफी पद्धतीप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. दुसरा ‘विलायत’. भारतात रूढ झालेल्या हनफी क्रमाप्रमाणे मालमत्तेचा पालक प्रथम बाप. त्याच्या पश्चात त्याने मृत्युपत्राने नेमलेला ‘वसी’. मग बापाचा बाप. मग त्याने नेमलेला वसी. आणि यांपैकी कोणीच नसेल तर काझी, म्हणजे राज्यसंस्था. या मालिकेत आई नाही. भाऊ आणि चुलताही नाहीत. ‘यतीम’ या शब्दाची शास्त्रीय व्याख्याच बाप नसलेले अज्ञान मूल अशी आहे. आई जिवंत असूनही ते मूल पोरके मानले जाते. मराठी मन आई गेलेल्या लेकराला अधिक पोरके समजते. येथे हिशेब मायेचा नसून मालमत्तेचा आहे, हे त्यावरून ध्यानी येते.

या पालकांनाही मुलाची स्थावर मालमत्ता मनास येईल तशी विकता येत नाही. दुप्पट किंमत मिळत असेल. मुलाच्या उदरनिर्वाहाला दुसरे साधन नसेल. मृताचे कर्ज किंवा मृत्युपत्रातील देणगी भागवायची असेल. उत्पन्नापेक्षा खर्च जास्त होत असेल. वास्तू मोडकळीस आली असेल. अथवा कोणी ती बळकावली असून परत मिळण्याची आशा नसेल, अशाच प्रसंगी विक्रीस मुभा आहे. नियम म्हणून हे उत्तम आहेत. परंतु ती परिस्थिती खरोखर होती की नाही, हे ठरवणारा कोणी हवा. जुन्या व्यवस्थेत ते काम काझीचे होते. ममलूक काळात कैरो आणि दमास्कस येथे काझीच्या देखरेखीखाली पोरक्यांच्या धनाची स्वतंत्र ठेवघरे होती. ऑटोमन साम्राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पोरक्यांच्या मालमत्तेसाठी स्वतंत्र सरकारी खाते निघाले. या संस्था निष्कलंक होत्या असे कोणी समजू नये. युद्धखर्चाला पैसा कमी पडला की त्या ठेवींकडे सुलतानाचीही नजर वळे. तथापि मुलाला दाद मागायला एक दार होते, एवढे खरे.

भारतात ते दार कसे बंद झाले, याची हकिगत फारशी सांगितली जात नाही. १८६४ साली ब्रिटिश सरकारने न्यायालयांतील काझी आणि पंडित यांची पदे रद्द केली. १८८० च्या कायद्याने काझी नेमण्याची सोय पुन्हा झाली, ती मुख्यतः विवाहादी विधींपुरती. न्यायदानाचा अधिकार त्याला मिळाला नाही. पुढे १८९० चा पालक व पाल्य कायदा आला. त्याने जिल्हा न्यायालयाला पालक नेमण्याचा अधिकार दिला. असा नेमलेला पालक न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलाची स्थावर मालमत्ता विकू किंवा गहाण ठेवू शकत नाही आणि त्याच्याकडून हिशेब मागता येतो. पण बाप, आजोबा किंवा वसी यांना शरियतनेच पालकत्व दिले असल्यामुळे त्यांना न्यायालयाकडे जाण्याचे कारणच पडत नाही. १९३७ च्या शरियत कायद्याने पालकत्वाचा विषय मुस्लिम व्यक्तिगत कायद्याखाली आणला. परिणामी शरियतने दिलेला अधिकार टिकला, मात्र त्या अधिकारावर नजर ठेवणारा काझी उरला नाही. अधिकार आणि अंकुश यांची जी जोडी शास्त्रकारांनी बांधली होती, तिच्यातील एकच अर्धा भाग आजच्या कायद्याच्या वाट्याला आला आहे.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. खाडीकाठच्या गावातला एक माणूस आखातात नोकरी करत होता, असे समजा. तो अपघातात गेला. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि वृद्ध बाप. मालमत्ता म्हणजे बांधलेले घर, थोडी बँकेतली शिल्लक आणि भरपाईची रक्कम. सारे मिळून चोवीस हिस्से धरले, तर बायकोला तीन, बापाला चार आणि उरलेले सतरा दोन मुलांना, मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे सत्तर टक्क्यांहून अधिक मालमत्ता मुलांची. तिचा पालक कोण? मृत्युपत्र नसेल तर आजोबा, जे स्वतः चार हिश्शांचे धनी आहेत. मुलांना न्हाऊमाखू घालणारी, शाळेत धाडणारी, आजारपणात उशाशी बसणारी आई या कागदावर परक्या माणसाच्या जागी असते. आजोबा सज्जन असतील तर काहीच बिघडत नाही. पण कायदा सज्जनांसाठी लागत नाही. आजोबा थकलेले असतात, आणि त्यांच्या नावाने कारभार दुसरा मुलगा, म्हणजे मुलांचा चुलता पाहतो. आजोबा हयात नसून मागे केवळ मुली असतील, तर चुलता स्वतःच शेषाचा वारस होतो. दोन मुली आणि विधवा यांचे एकोणीस हिस्से गेल्यावर उरलेले पाच त्याचे. पाच हिश्शांचा मालक चोवीस हिश्शांच्या घराचा व्यवहार ठरवू लागतो.

न्यायालयांनी या प्रश्नावर घेतलेली भूमिका दुधारी आहे. १९१८ साली इमामबंदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला. निकालपत्र न्यायमूर्ती अमीर अली यांचे होते. आईने अज्ञान मुलांचे हिस्से विकले होते. आईला मुलांच्या मालमत्तेवर त्रयस्थाहून अधिक अधिकार नाही. तिने केलेली स्थावराची विक्री मुळातच निरर्थक आहे, असे त्यात ठरले. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने महंमद अमीन खटल्यात भावाने केलेल्या कौटुंबिक तडजोडीला तोच नियम लावला, आणि १९९६ साली पुन्हा आईने केलेल्या विक्रीच्या संदर्भात तो कायम ठेवला. २०२२ साली केरळ उच्च न्यायालयापुढे, आईला पालक होण्यास कुराणात वा हदीसमध्ये मनाई नाही, असा युक्तिवाद झाला. परंतु सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय बंधनकारक असल्याने आईचे पालकत्व मान्य करता येत नाही, असे त्या न्यायालयाला म्हणावे लागले.

या निर्णयांची एक बाजू मुलांच्या हिताची आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. ज्याला अधिकार नाही अशा भावाने, चुलत्याने किंवा मामाने केलेला व्यवहार सरसकट निरर्थक ठरतो, तेव्हा मूल वाचते. पण त्याच नियमाच्या एका फटक्यात आई आणि लोभी चुलता एका रांगेत बसवले जातात. शिवाय आईला विक्री करता येत नाही म्हणून विक्री थांबते, असेही नाही. औषधाला, फीला, पोटाला पैसा लागतोच. मग व्यवहार साध्या कागदावर होतो आणि असा धोक्याचा कागद घेणारा गिऱ्हाईक पुरी किंमत कधीच देत नाही. कायद्यातील संशयाची किंमत बाजार मुलाच्या हिश्शातून वसूल करतो. जिल्हा न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक करून घेण्याचा मार्ग आईला उघडा आहे, असे सांगितले जाते. तो कागदावर उघडा आहे. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला हेलपाटे घालणाऱ्या, वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी यांचा मेळ बसवणाऱ्या विधवेला तो कितपत उघडा आहे, याचा विचार कायदे करणाऱ्यांनी क्वचितच केला आहे.

शरियतला हात लावता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मुस्लिम देशांकडे पाहावे. ट्युनिशियाने १९८१ साली बापाच्या पश्चात आईला पालक केले. अल्जीरियाच्या १९८४ च्या कुटुंब कायद्याने तेच केले. मोरोक्कोने २००४ साली बापामागोमाग आईचा क्रम लावला आणि मृत्युपत्राने नेमलेला पालकही तिच्यानंतर ठेवला. इजिप्तच्या १९५२ च्या कायद्याने आईला स्थान दिले नाही. परंतु ठरावीक किमतीवरील मालमत्ता विकायची तर खुद्द बापालाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, अशी तरतूद त्यात आहे. तेथे २०२३ च्या रमजानमध्ये ‘तहत अल्-विसाया’ ही दूरचित्रवाणी मालिका गाजली. नवऱ्याची मासेमारीची नौका मुलांसाठी राखू पाहणारी विधवा आणि तिच्यावर हक्क सांगणारे सासर, असा तिचा विषय. त्या निमित्ताने पालकत्वाचा कायदा बदलण्याची चर्चा इजिप्तमध्ये घरोघर झाली. त्या घरांतील माणसे काही धर्म सोडून बसलेली नव्हती.

दुसरी बाजूही स्पष्ट केली पाहिजे. मुस्लिम कायद्यातील उणीव दाखवून ज्यांना एका जमातीला हिणवायचे आहे, त्यांनी आपल्या अंगणात डोकवावे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही पहिला क्रम बापाचा आणि ‘त्याच्यानंतर’ आईचा. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला त्या ‘नंतर’चा अर्थ ‘गैरहजेरीत’ असा करून घ्यावा लागला. त्या कायद्याने स्थावराच्या विक्रीला न्यायालयाची परवानगी आवश्यक केली, ही त्याची जमेची बाजू आहे. पण एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्शाला ती अट लागू नाही, आणि तेथे कर्ता म्हणून बसलेला काका काय करतो हे महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्याला ठाऊक आहे. मुलाचे धन खाणाऱ्याचा धर्म विचारण्यात अर्थ नसतो. समान कायद्याची घोषणा करायची तर ती या मुलांच्या हिताची समानता म्हणून केली पाहिजे. एका जमातीला धडा शिकवण्यासाठी केलेली घोषणा सुधारणेला शत्रूच निर्माण करते. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या हमीद दलवाई यांना दोन्ही बाजूंचा रोष पत्करावा लागला, तो याच दोन टोकांच्या मधली वाट धरल्यामुळे.

कायदा बदलेपर्यंत काहीच करता येणार नाही, असे मात्र नाही. हनफी शास्त्राप्रमाणे बापाने नेमलेला वसी आजोबांच्याही आधी येतो, आणि वसी स्त्री असू शकते, आईसुद्धा. खलिफा उमर यांनी आपल्या वक्फ जमिनीची देखरेख कन्या हफ्सा यांच्याकडे सोपवली होती. ऑटोमन न्यायालयांच्या दप्तरांत आईला पालक नेमल्याच्या नोंदी जागोजाग आढळतात. म्हणजे एखाद्या बापाने आपल्या हयातीत दोन साक्षीदारांसमक्ष चार ओळी लिहून ठेवल्या, की आपल्या पश्चात मुलांच्या मालमत्तेची पालक त्यांची आई असेल, तर वरच्या उदाहरणातील सारे चित्र पालटते. यात वारसांच्या हिश्शाला धक्का लागत नाही, मृत्युपत्राच्या एकतृतीयांश मर्यादेचा प्रश्न येत नाही आणि शरियतचा भंगही होत नाही. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरून परदेशी जाणारे हजारो तरुण पारपत्र, व्हिसा, विमा यांचे कागद जपून ठेवतात. त्या पुडक्यात हा एक कागद अधिक असावा. जमातींनी निकाहाच्या वेळीच तो करून घेण्याची रीत पाडली तर तिला कोणता मौलवी विरोध करील?

परंतु व्यक्तीच्या दूरदृष्टीवर सोडून देण्याइतका हा विषय लहान नाही. कायद्यात निदान चार बदल व्हायला हवेत. बापाच्या पश्चात आई ही मुलांच्या मालमत्तेची नैसर्गिक पालक असावी. पालक कोणीही असो, आई, आजोबा किंवा वसी, अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता विकण्यास न्यायालयाची परवानगी लागावी. आई झाली म्हणून तिला हिशेबातून सूट नको. मृत्यूनंतर ठरावीक मुदतीत मुलांच्या हिश्शाची यादी तालुक्याच्या पातळीवर, विनाशुल्क नोंदवली जावी आणि मूल सज्ञान झाल्यावर ती त्याच्या हाती पडावी. चौथा बदल नातवंडांविषयीचा आहे. बाप आजोबांच्या आधी वारला आणि चुलता हयात असला, तर आजोबांच्या मालमत्तेत त्या नातवंडांना वाटा मिळत नाही. इजिप्तने १९४६ साली सक्तीच्या मृत्युपत्राची कल्पना आणून एकतृतीयांशाच्या मर्यादेत त्यांची सोय केली. पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकुमाने त्यांना बापाचा वाटा दिला. भारतातील पोरक्या नातवंडांना यांपैकी काहीच मिळालेले नाही.

या मागण्यांत धर्माविरुद्ध काय आहे? यादी करणे हे सरमिसळ टाळण्यासाठीच आहे. परवानगीची अट हे काझीचे काम न्यायाधीशाकडे देणे आहे. सज्ञान होताच यादी हाती देणे म्हणजे साक्षीदारांसमक्ष हवाली करण्याची आज्ञा पाळणे आहे. आईचा क्रम तेवढा नवा, आणि त्यालाही बापाच्या मृत्युपत्राची वाट शास्त्रातच मोकळी आहे.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि समाजवादी विचाराला तो टाळता येणार नाही. हे सारे नियम ज्याच्यामागे काही धन उरले त्या मुलासाठी आहेत. ज्याचा बाप यंत्रमागावर किंवा हातगाडीवर राबून गेला आणि मागे केवळ देणे ठेवून गेला, त्याचे पालकत्व कोणाकडे? शास्त्रकारांच्या मालिकेत सर्वांच्या शेवटी राज्यसंस्था येते. जिथे कोणी नाही तिथे ती. आजच्या लोकशाही राज्याने ही जबाबदारी शेवटची न मानता पहिली मानली पाहिजे. त्या मुलाची ठेव म्हणजे त्याची शाळा, त्याचे दूध, त्याचे औषध. तीही कोणी घाईघाईने, ते मोठे होण्याआधीच खाऊन टाकत नाही ना, हे पाहणारा साक्षीदार समाजच असतो. पालकाने हिशेब द्यावा ही आज्ञा आजोबांना लागू आहे, आईला लागू आहे. आणि मायबाप म्हणवून घेणाऱ्या सरकारला तर ती सर्वांत आधी लागू आहे.